घरगुती बायोगॅसची स्लरी बागेत वापरताना

इंदूरजवळ देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरू झालेला बायो-सीएनजी प्रकल्प रोज ५५० टन ओला कचरा घेण्याच्या क्षमतेचा असून त्यातून गॅसबरोबरच सेंद्रिय खतही मिळते. गच्चीवर किंवा अंगणात छोटे संयंत्र बसवणाऱ्या आपल्या घरांतही हेच दोन्ही पदार्थ तयार होतात. मात्र स्लरी, म्हणजे गॅस निघाल्यावर संयंत्रात उरणारे पातळ खत, बहुतेक वेळा गटारात सोडली जाते, याचे मला फार वाईट वाटते.

प्रथम स्लरी पूर्ण पचली आहे की नाही ते पाहावे. एका बाटलीत ती निम्म्यापर्यंत भरून तोंडाला फुगा बांधावा आणि बाटली दोन दिवस सावलीत ठेवावी. फुगा ताठ फुगला, किंवा आंबूस वास आला, तर पचन अपुरे आहे असे समजून स्लरी पुन्हा संयंत्रात ओतावी. पचलेली स्लरी गडद तपकिरी असते आणि तिला सौम्य अमोनियाचा वास येतो.

या वासातच तिची खरी किंमत आहे. उष्ट्या-खरकट्याच्या स्लरीतील निम्म्याहून अधिक नायट्रोजन सहसा अमोनियाच्या रूपात असतो. तो मुळांना लगेच मिळतो, पण उघड्यावर, विशेषतः माळव्यातल्या मे महिन्याच्या उन्हात, तितक्याच लवकर उडून जातो. म्हणून ती उन्हात वाळवू नये. सावलीत, सैल झाकणाच्या पिंपात ठेवावी. उरलासुरला गॅस साचत असल्याने झाकण घट्ट लावू नये आणि जवळ विस्तव आणू नये.

वापरण्यापूर्वी स्लरी गोणपाटातून गाळावी, गाळलेल्या द्रवात आठ ते दहा पट पाणी मिसळावे आणि ते पातळ ताकासारखे झाले की संध्याकाळी, आधी भिजवलेल्या मातीत, खोडापासून थोडे दूर ओतून वर माती ओढावी. वांगी, मिरची, मोगरा यांना पंधरवड्यातून एकदा पुरे. जेवणातले मीठ स्लरीत उतरते आणि आपल्या काळ्या मातीतून पाण्याचा निचरा सावकाश होतो, त्यामुळे मधल्या काळात साधेच पाणी द्यावे. कच्ची खाल्ली जाणारी कोथिंबीर किंवा मुळा यांना ती मुळीच देऊ नये, कारण घरगुती संयंत्राच्या उष्णतेत सर्व रोगजंतू मरत नाहीत.

गोणपाटात उरलेल्या चोथ्यात दुप्पट वाळलेला पालापाचोळा मिसळून ढीग करावा, तो दर आठवड्याला खालीवर करावा आणि मातीचा वास येऊ लागल्यावर मूठभर मिश्रणात मेथीचे दाणे पेरून पाहावेत. ते नीट उगवले तर खत कुंड्यांत घालावे, नाहीतर ढीग आणखी काही आठवडे राहू द्यावा.