खाडीच्या मॉडेलसाठी प्रोग्रामिंगची भाषा कशी निवडावी

'सगळ्यात फास्ट भाषा कोणती' हा वाद सोडा. आधी कागदावर आकडेमोड मोजा, निम्मा निर्णय तिथेच होतो.

दाभोळच्या खाडीत भरती-ओहोटीचं पाणी कसं फिरतं ते संगणकावर मांडायचंय असं धरा. मुखापासून आत 40 किलोमीटर लांबी, 2 किलोमीटर रुंदी आणि 50 मीटरचे चौकोन धरले तर चौकोन होतात 32,000. पाणी 10 मीटर खोल असेल तर भरतीची लाट सेकंदाला जवळपास 10 मीटर धावते. मॉडेल वेळेचे छोटे टप्पे घेत पुढे सरकतं; एका टप्प्यात लाटेने चौकोन ओलांडला की आकडे फुगत जातात आणि मॉडेल कोसळतं. प्रवाहाचा वेगही धरून टप्पा 3 सेकंदांचा ठेवा. एका उधाणापासून पुढच्या उधाणापर्यंत 15 दिवस, म्हणजे 4,32,000 टप्पे, एकूण 1,382 कोटी हिशेब. पायथनच्या साध्या लूपला दर हिशेबाला 5 मायक्रोसेकंद धरले तर 19 तास. फॉरट्रान या आकडेमोडीच्या जुन्या भाषेला 20 नॅनोसेकंद धरले तर पाच मिनिटांच्या आत. तळाचा खडबडीतपणा बदलून हेच तीसदा चालवायचं असतं, हे विसरू नका.

फक्त लांबीचं मॉडेल असेल तर 800 कप्प्यांना नमपाय ही पायथनची आकडेमोडीची लायब्ररी पुरते. होड्या किंवा माणसं एकेक करून हलवायची असतील तर त्यासाठीच बनलेली नेटलोगो ही भाषा.

रुंदीही हवी असेल तर फॉरट्रान, ज्युलिया किंवा पायथनवर नंबा (पायथनचा लूप वेगवान करणारी लायब्ररी). यातलं एक ठरवायला आतला गाभा, पन्नासेक ओळी, दोन भाषांत लिहून वेळ मोजा. चुका होतात त्या इथेच. ज्युलिया आणि नंबा पहिल्या वेळी कोड कंपाइल करतात, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवतात, म्हणून वेळ दुसऱ्या धावेची घ्या. लूपचा क्रमही बघा: फॉरट्रान आणि ज्युलियात ॲरेचा (आकड्यांच्या तक्त्याचा) पहिला इंडेक्स आतल्या लूपमध्ये हवा, नमपाय आणि सी मध्ये शेवटचा. उलट केलंत की मेमरीत उड्या माराव्या लागतात आणि दोष भाषेच्या माथी जातो. 32,000 चौकोनांचा ॲरे जेमतेम 256 किलोबाइटचा, कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या वेगवान मेमरीत) मावतो, त्यामुळे हा फरक फारसा दिसत नाही. चाचणीला 10 मीटरचे चौकोन घ्या, 8 लाख होतील.

वेगाआधी उत्तर तपासा. खाडीचं मुख बंद करा, तळ उंचसखल ठेवा, पाणी स्थिर सोडा. हजार टप्प्यांनंतरही ते स्थिरच हवं, एकूण घनफळही तेवढंच. हललं तर चूक समीकरणांच्या मांडणीत आहे. भाषा बदलून ती जात नाही.

पुढे रोम्स (समुद्राच्या प्रवाहांचं मॉडेल) किंवा स्वॅनला (लाटांचं मॉडेल) जोडायचं असेल तर सरळ फॉरट्रान घ्या. दोन्ही त्यातच लिहिलेली आहेत.