अमेरिकेत घराचा मालक आणि बोजा कसा तपासावा

अमेरिकेत घराच्या मालकीचे दस्त बहुतेक काउंट्यांत (आपल्या जिल्ह्यासारखे विभाग) पत्त्यावर नाही, माणसाच्या नावावर लावलेले असतात. म्हणून नुसता पत्ता टाकून अनेकदा हाती काही लागत नाही.

१. आधी काउंटी असेसरच्या (करासाठी घराचं मूल्य ठरवणारं कार्यालय) साइटवर पत्ता टाका. पार्सल नंबर (त्या जागेचा क्रमांक) आणि मालकाचं नाव स्पेलिंगसकट उतरवून घ्या.

२. मग दस्त नोंदवून ठेवणाऱ्या रेकॉर्डरच्या साइटवर जा (काही राज्यांत काउंटी क्लार्क किंवा रजिस्टर ऑफ डीड्स). ते नाव 'ग्रँटी' (घेणारा) म्हणून शोधलं की घर घेतल्याचं खरेदीखत मिळतं. तेच नाव 'ग्रँटर' (देणारा) म्हणूनही शोधा. हे बरेच जण सोडतात, पण त्यांनी पुढे घर विकलं का, गहाण ठेवलं का, हे इथेच कळतं.

३. गहाणखत दिसलं म्हणून लगेच बिचकू नका. नंतरच्या तारखांत 'रिलीज', 'सॅटिस्फॅक्शन' किंवा 'रिकन्व्हेयन्स' नावाचा कागद आहे का, ग्रँटी आणि ग्रँटर अशा दोन्ही बाजूंनी बघा. तो त्याच गहाणखताचा असेल तर ते गहाण सुटलेलं आहे.

कनेटिकटमध्ये हे दस्त टाउन क्लार्ककडे असतात, लुइझियानात काउंटीच्या जागी पॅरिश.

असेसरकडचं मूल्य बाजारभाव समजू नका. कॅलिफोर्नियात १९७८ च्या प्रॉपोझिशन १३ या कायद्यामुळे, मालक बदलला किंवा नवं बांधकाम झालं नाही, तर ते वर्षाला साधारणपणे २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढत नाही.

आणि असेसरकडचं नाव करआकारणीपुरतं असतं, तो मालकीचा पुरावा नव्हे. व्यवहार पूर्ण करण्याआधी टायटल कंपनी किंवा वकिलाकडून रीतसर टायटल सर्च (मालकी हक्काची तपासणी) करून घ्याच.