मालक छत दुरुस्त करत नाही, पाणी तोडतो: भाडेकरूनं नेमकं काय करावं

हे सगळं महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ खालच्या भाडेकरूंसाठी आहे. म्हणजे वाड्यातले, चाळीतले, पागडीवाले. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी आधी आपला करार वाचावा. त्यांना हा कायदा भाडेकरू मानत नाही, पण ‘कलम २९ लावा’ (म्हणजे पाणी-वीज तोडण्याविरुद्धचं कलम) म्हणून सांगत सुटणारे एवढं काही सांगत नाहीत.

भाडेपावत्या काढून ठेवा. मालक पावती देत नसेल तर कलम २६ खाली दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड आहे.

पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट किंवा सफाई बंद केली असेल तर काम त्यामानानं सोपं. कलम २९ खाली कोर्टात अर्ज करा: मुंबई-पुण्यात लघुवाद न्यायालय, लहान गावात दिवाणी न्यायाधीश. अर्जातच अंतरिम आदेश मागा. मालकानं पाणीपट्टी थकवली आणि पालिकेनं नळ तोडला, तरी तो मालकानंच तोडला असं धरतात. आदेशात दिलेली तारीख उलटली की दिवसाला १०० रुपयांपर्यंत दंड, आणि गुन्हा शाबित झाल्यास ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपयांना कोणी भीत नाही. कैदेला भितात.

खरी गोची दुरुस्तीची. घर राहण्याजोगं ठेवणं हे कलम १४ नुसार मालकाचं काम. ते टाळलं तर तुम्ही स्वतः करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. इथेच मी आपटलो.

पाऊस तोंडावर होता. मी गवंडी बोलावून घर शाकारून घेतलं आणि बिल मालकांपुढे धरलं. ते म्हणाले, “मला विचारलं होतंत?” मी चिडून चार महिने भाडंच दिलं नाही. पाचव्या महिन्यात थकबाकीची नोटीस दारात. दुरुस्तीची तक्रार राहिली बाजूला, मीच थकबाकीदार ठरलो.

म्हणून क्रम मोडू नका. आधी नोटीस, किमान १५ दिवसांची, पोचपावतीसह. दिवस ती पोचल्यापासून मोजा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलं तर फोडू नका, तसंच बंद ठेवा. नोटिशीत ‘घराची दुरवस्था झाली आहे’ लिहून भागत नाही. ‘मागच्या खोलीतले दोन वासे कुजले आहेत, मोरीवरची नऊ कौलं फुटली आहेत’ असं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवरचे फोटो जोडीला चालतील, नोटिशीऐवजी नाहीत.

मग हिशेब. एका वर्षात कापता येते ती त्या वर्षाच्या भाड्याची फार तर चौथाई. भाडं ६०० असेल तर वर्षाचे ७,२००, कापायचे १,८००. म्हणजे महिन्याला १५० कमी देऊन ४५० चुकता भरायचे, एकही महिना न चुकवता, आणि सोबत कशाचे किती कापले ते लिहून द्यायचं. ९,००० चं काम असेल तर फेड पाच वर्षं चालेल. लाज वाटावी असा आकडा आहे, पण कायदा तोच आहे. छत सामायिक असेल तर शेजाऱ्यांना धरून करा, खर्च वाटला जातो.

गवंड्याकडून तारखेचं, सहीचं बिल घ्या, सामान वेगळं, मजुरी वेगळी. सिगारेटच्या पाकिटावरचा हिशेब मी एकदा पुढे केला होता, पुन्हा करणार नाही. नीट ठेवलेला हिशेब आणि पावत्या या कायद्यानं खर्चाचा निर्णायक पुरावा असतात, मालकावर बंधनकारक.

एक सल्ला मात्र हमखास मिळेल: ‘वॉर्ड ऑफिसात धोकादायक इमारत म्हणून अर्ज टाका.’ भिंत खरोखर कलली असेल तर जरूर टाका, जीव आधी. पण दोन कौलांसाठी नको. तिथून निघणारी नोटीस घर रिकामं करा अशीही असू शकते, आणि वाडा उतरवायला टपलेल्या मालकाला तीच हवी असते.