बॅटरी काढल्यावर आयडलिंग बसवायचं आहे? आधी एवढी तयारी करा

बॅटरी परत जोडली, गाडी सुरू झाली, पण आरपीएमचा काटा खाली-वर नाचतोय आणि ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन बंद पडतंय, म्हणजे आयडलिंग (पेडल न दाबता इंजिन चालू राहणं) बिघडलंय. अशा वेळी लगेच नवा सेन्सर मागवू नका. इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या थ्रॉटल बॉडीच्या झडपेभोवती वर्षानुवर्षं काजळी धरते, हवेची वाट अरुंद होते आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) झडप किंचित जास्त उघडून ते भरून काढायला शिकतो. बऱ्याच गाड्यांत बॅटरी काढली की हे शिकलेलं पुसलं जातं. झडप पुन्हा मूळ मापावर येते, काजळी मात्र तिथेच असते. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत आयडलिंग स्क्रूने बसवतात, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

म्हणून तयारी बॅटरी काढण्याआधीच सुरू होते. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो शोधून ठेवा. डिकी बटणावर उघडत असेल तर चावी आत राहू देऊ नका. मॅन्युअलमध्ये आपल्या मॉडेलची रीलर्न (ईसीयूला आयडलिंग पुन्हा शिकवण्याची) पद्धत वाचून घ्या, कारण ती प्रत्येक कंपनीची वेगळी असते. थ्रॉटल बॉडी साफ करायची असेल तर हीच वेळ. मेमरी जाणारच आहे, मग काजळीसकट पुन्हा शिकवण्यात काय अर्थ? क्लीनर थ्रॉटल बॉडीचाच घ्या, तो कापडावर मारून पुसा, आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर झडपेवर बोटाने जोर लावू नका. काढताना निगेटिव्ह टर्मिनल आधी, जोडताना ते शेवटी.

जोडताना टर्मिनल घासून स्वच्छ करा आणि पान्याने घट्ट आवळा; हाताने हलता कामा नये. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर हे काम करू नका. गाडी काही तास उभी असताना मल्टिमीटरवर 12.6 व्होल्टच्या आसपास आकडा दिसला म्हणजे बॅटरी भरलेली आहे.

आता जागा. गाडी सपाट जमिनीवर आणि उघड्यावर लावा. इंजिन बराच वेळ चालणार आहे आणि बंद गॅरेजमध्ये साठणारा कार्बन मोनॉक्साइड जीव घेऊ शकतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा, चाकं सरळ करा, कारण स्टीअरिंग वळलेलं असलं तर पॉवर स्टीअरिंगचा भार येऊ शकतो. एसी, पंखा, हेडलाइट, मागच्या काचेचा डिफॉगर, मोबाइलचा चार्जर, सगळं बंद. ही विजेची कटकट क्षुल्लक वाटते खरी, पण अल्टरनेटरवर भार असताना ईसीयूला इंजिनाची स्वतःची गरज मोजता येत नाही.

मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. होंडाच्या अनेक गाड्यांत भाराशिवाय 3000 आरपीएमवर रेस धरायची, रेडिएटरचा पंखा सुरू होईपर्यंत किंवा कूलंट 90 अंशांवर जाईपर्यंत, आणि त्यानंतर ॲक्सिलरेटर सोडून साधारण 5 मिनिटं नुसतं आयडलवर ठेवायचं. पंखा चालू असतानाचा वेळ त्यात धरायचा नाही. लोक इथेच चुकतात आणि पद्धतच खोटी म्हणतात. निस्सानमध्ये पेडल दाबण्याच्या ठरलेल्या क्रमाने किंवा स्कॅनरने (ईसीयूला जोडायच्या यंत्राने) शिकवावं लागतं. काही गाड्यांत स्कॅनरशिवाय काम होतच नाही. तुमच्या मॅन्युअलमध्ये काहीच नसेल तर गरम इंजिन काही मिनिटं भाराशिवाय, मग तितकंच एसी लावून चालू ठेवा. या वेळात ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही.

पहिली फेरी मोकळ्या रस्त्यावर मारा. चालत्या गाडीचं इंजिन बंद पडलं तर स्टीअरिंग जड होतं आणि ब्रेकलाही एक-दोनदा दाबल्यानंतर जास्त जोर लागतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स सुरुवातीला थोडे झटके देईल. कमी-जास्त वेगाने चालवत राहिलं की तोही बसतो. जिथे उत्सर्जन चाचणीत ओबीडी (गाडीची स्वतःचे दोष शोधणारी यंत्रणा) तपासतात तिथे लगेच गाडी नेऊ नका, कारण आतल्या स्वयंचाचण्याही पुसल्या गेलेल्या असतात आणि त्या पूर्ण व्हायला वेळ लागतो.

बऱ्याच पेट्रोल गाड्यांचं गरम इंजिन 650 ते 850 आरपीएमवर स्थिर राहतं. काही दिवस चालवूनही काटा त्याच्या बराच वर अडकला असेल, तर पुन्हा बॅटरी काढत बसू नका. थ्रॉटलच्या आसपासचे रबरी पाइप तपासा. साफसफाईत एखादा निसटला किंवा चिरला असेल तर तिथून हवा आत शिरत असते.