जर्मनीला जायचंय? आधी आपलं नाव नीट वाचा

लातूरला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, मग संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात चार वर्षं आयसीयू, आणि आता जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात वॉर्डवर. २०२४ मध्ये आपल्या महाराष्ट्र सरकारने याच राज्यासोबत कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून गावाकडून सारखे मेसेज येतात: "ताई, बी-टू किती दिवसांत होतं?" बी-टू म्हणजे जर्मन भाषेची पातळी. रोज तीन तास मन लावून बसलात तर वर्ष-सव्वा वर्षात होतं. नाइट करून आलेल्या पोरीलाही होतं, मला झालं. सहा महिन्यांत करून देतो म्हणणाऱ्या क्लासकडे मात्र फिरकू नका. माझे अकरा महिने गेले ते भाषेत नाही, नावात गेले.

माझ्या दहावीच्या मार्कमेमोवर आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं. जीएनएमच्या शेवटच्या वर्षाला लग्न झालं. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचा फॉर्म भरताना कॉलेजातले बाबू म्हणाले, "सासरचंच टाक, परत बदलायची कटकट नको." टाकलं. म्हणजे मेमो माहेरच्या नावाचे, रजिस्ट्रेशन सासरच्या नावाचं. पासपोर्ट आधारवरून काढला, तर तिथे नावातली दीर्घ ई इंग्रजीत दोन 'ई' लावून. दहावीला तीच एका 'आय'ने. अनुभवपत्रावर मधलं नावच नाही.

आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. लग्नात बाईचं मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतं, हे आपल्या गल्लीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण माझ्या डिप्लोमाच्या मान्यतेची फाइल तपासणाऱ्या जर्मन बाईंना ते ठाऊक असायचं कारण काय? भाषांतरकाराने अक्षरन् अक्षर तसंच उतरवलं होतं. त्यांच्यापुढे तीन वेगवेगळ्या बायकांची कागदपत्रं होती. फाइल थांबली. एजंट म्हणाला, "स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करा, भागतं." नाही भागलं. तोवर ज्या दवाखान्याने मला घेतलं होतं त्यांनी ती जागा दुसरीला दिली. त्या रात्री मी आईलासुद्धा फोन केला नाही.

म्हणून क्लासची फी भरायच्या आधी एक दुपार काढा. सतरंजीवर सगळी कागदं मांडा: दहावी, बारावी, तिन्ही वर्षांचे मेमो, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन, आधार, पासपोर्ट, अनुभवपत्रं, विवाह प्रमाणपत्र. शेजारी कुणाला तरी बसवा आणि इंग्रजी स्पेलिंग एकेक अक्षर मोठ्याने वाचा. पासपोर्टवरचं नाव अंतिम माना, बाकी सगळं त्याच्याकडे वळवा. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. ज्यांचं लग्न अजून व्हायचंय त्यांनी माहेरचं नाव ठेवलं तर पुढची सगळी धावपळ वाचते, हे मी सासूबाईंसमोरही बोलते. ज्यांचं बदललंय त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदलाची नोंद करून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. ते राजपत्र आणि विवाह प्रमाणपत्र जोडून कौन्सिलमध्ये नाव दुरुस्त करा, मग अनुभवपत्र नव्याने मागा. क्रम हाच. मी उलटा गेले आणि दवाखान्याचं पत्र दोनदा आणावं लागलं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाही भरलेला असू द्या. २०२२ च्या नोव्हेंबरात यूएईने पासपोर्टवर एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर येऊ देणं थांबवलं, तेव्हा आखाताकडे निघालेल्यांचीही अडचण झाली होती.

कॉलेजकडून थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास विभागवार लिहून घ्या. इथली मान्यता बरीचशी त्या तासांवर तोलली जाते. तास कमी पडले तर नकार मिळत नाही. इथे येऊन राहिलेलं भरून काढणारं अनुकूलन प्रशिक्षण घ्यावं लागतं किंवा ज्ञानपरीक्षा द्यावी लागते. तोवर सहायक म्हणून काम आणि सहायकाचाच पगार. घरी हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्या महिन्यापासून हप्त्यांचे फोन सुरू होतात.

पैशाचं थोडक्यात. परदेशी नोकरी लावणारा एजंट सरकारकडे नोंदलेला असावा लागतो, सरकारच्या ई-मायग्रेट वेबसाइटवर यादी आहे, आणि त्याला ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. तीन लाख मागणाऱ्यासमोरून उठून या. शेत गहाण टाकू नका. ओळखीतल्या 'सरां'पेक्षा इथे वॉर्डवर असलेल्या एखाद्या सिनियर सिस्टरला विचारा.

काम जमेल का, याची काळजी करू नका. घाटीत, म्हणजे संभाजीनगरच्या सरकारी दवाखान्यात, एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळलेल्या पोरीला इथलं काम जमतं. फरक एवढाच की आपल्याकडे अंघोळ, जेवण, कूस बदलणं नातेवाईक किंवा मावशी करतात. इथे ते सिस्टरचं काम. मला पहिले दोन आठवडे जड गेलं. मग एका आजींचे पाय धुताना त्या मन मोकळं करून बोलायला लागल्या, आणि माझी भाषा क्लासपेक्षा तिथे जास्त सुधारली.

आणि वेळ ऐकताना सांभाळा. 'हाल्ब द्राय' म्हणजे साडेतीन नाही, अडीच. मी साडेतीन समजून अँटिबायोटिक बाजूला ठेवलं होतं. सोबतच्या सिस्टरने वेळेत पाहिलं म्हणून बरं. आता कुणी तोंडी वेळ सांगितली की मी कागदावर १४:३० लिहून पुढे धरते. समोरची व्यक्ती होकाराची मान डोलावते, मग मी औषध काढते.