टीकी बारमध्ये पहिल्यांदा जाणार असाल तर

आधी एक सांगते, टीकी बार म्हणजे सगळा नाटकी मामला. बांबूच्या भिंती आणि लाकडी मुखवटे पॉलिनेशियन, म्हणजे प्रशांत महासागरातल्या बेटांच्या वळणाचे, रम बहुतेक कॅरिबियन बेटांवरची आणि मूळ कल्पना अमेरिकेतली, १९३०च्या दशकात हॉलिवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाच्या बारमालकाने रुजवलेली. मला ही सरमिसळ आवडते. खटकतो तो ड्रिंकचा मग, टीकीच्या चेहऱ्याचा. न्यूझीलंडच्या माओरी परंपरेत टीकी हा पहिला पुरुष; त्याच्या चेहऱ्यात स्ट्रॉ खुपसून पिताना, उद्या कोणी खंडोबाच्या चेहऱ्याचा मग काढला तर आपल्याला चालेल का, असं मनात येतंच.

वांद्रे-खार किंवा लोअर परळला जायचं तर शुक्रवार-शनिवार टाळा. मंगळवारी सातच्या सुमारास जा आणि टेबलावर नाही, काउंटरला बसा. बारटेंडर मोकळा असेल तर ड्रिंकविषयी मनापासून सांगतो. महाराष्ट्रात रमसाठी वयाची पंचविशी लागते, तेव्हा ओळखपत्र जवळ ठेवा.

पहिली ऑर्डर माय ताय. व्हिक्टर बर्जेरॉन ऊर्फ ट्रेडर व्हिकने १९४४ साली बनवलेलं हे ड्रिंक: मुरलेली रम, लिंबाचा रस, ऑरेंज क्युरासाओ (संत्र्याच्या सालीच्या स्वादाची गोड दारू), थोडा साखरेचा पाक आणि ओर्झा, म्हणजे बदामाचं सिरप. बदामाची ॲलर्जी असेल तर ऑर्डर देतानाच सांगा. मेनूत ‘ओर्झा’ एवढंच लिहिलेलं असतं आणि बदाम कोणाच्या लक्षात येत नाही. मूळ कृतीत अननस नाही. समोर लालभडक, अननसाच्या रसाने भरलेला ग्लास आला, तर पुढचं ड्रिंक साधं सांगा आणि गप्पा मारा. बरा जमलेला माय ताय आधी आंबट लागतो, मग रमचा खरपूस वास येतो, आणि बदाम अगदी शेवटी.

आमच्या घरी रम म्हणजे डिसेंबरातली ओल्ड मंक, तीही मोजून. इथे मात्र झाँबी नावाच्या ड्रिंकसारख्या एका ग्लासात दोन-तीन प्रकारच्या रम असतात आणि फळांच्या रसाखाली त्या लपतात. डॉन स्वतः गिऱ्हाइकाला दोनच झाँबी देत असे. मी एकावर थांबते. मगाच्या आत किती उरलंय ते दिसत नाही, म्हणून मध्ये मध्ये पाणी मागवा. वर पेटलेली लिंबाची वाटी आली तर ती विझेपर्यंत केस आणि ओढणी लांब.

खायला पू पू प्लेटर, म्हणजे निरनिराळ्या स्टार्टर्सचं ताट, चौघांत पुरतं. त्यातलं क्रॅब रँगून, म्हणजे खेकडा आणि क्रीम चीज भरलेले तळलेले वाँटन, गरम असतानाच संपवा. शाकाहारी मंडळींनी तळणीचं तेल वेगळं आहे का, हे विचारावं. गोड सॉसमधले पदार्थ मात्र नकोतच, ड्रिंकमध्ये साखर पुष्कळ झालेली असते.

बिलात सर्विस चार्ज लावलेला असेल आणि द्यायचा नसेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही. गाडी घरीच ठेवा; नाकाबंदीत फुंकायला लावतात, आणि पहिल्याच वेळी दंड दहा हजारांपर्यंत जातो.