साहेबांना किती सांगावे? जर्मनीत नोकरीला येणाऱ्यांसाठी

पुण्याहून किंवा चाकणच्या कारखान्यांतून थेट श्टुटगार्टला नोकरीसाठी येणाऱ्या मराठी अभियंत्यांना थंडीपेक्षा आणि भाषेपेक्षाही अधिक बुचकळ्यात टाकतात ते इथले वरिष्ठ. आपल्याकडे साहेब वास्तुशांतीला सहकुटुंब येतात, वडिलांना रात्री दवाखान्यात न्यावे लागले तर ओळखीच्या डॉक्टरांना फोन करतात, आणि त्याच जिव्हाळ्याच्या हक्काने रविवारी सकाळी ‘जरा एक फाइल बघतोस का’ असेही म्हणतात. जर्मनीत हे सगळे एकदमच थांबते. नवी मंडळी रविवारचा फोन बंद झाला म्हणून सुखावतात आणि कोणी घरची चौकशी करत नाही म्हणून हिरमुसतात. माझ्या मते मात्र हा एकच व्यवहार आहे आणि त्यातले सोयीचे तेवढे उचलता येत नाही.

आधी शिकावे लागते ते आजारपण कळवणे. आमच्या गटात नव्याने आलेल्या एका तरुणाने वरिष्ठांना सविस्तर ईमेल लिहिला: ताप किती, उलट्या कधीपासून, गोळ्या कोणत्या, सोबत डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटोही जोडला. उत्तर तीनच ओळींचे आले. लवकर बरे व्हा, तुमचे काम दुसऱ्याकडे सोपवले आहे, आणि कृपया अशी कागदपत्रे मला पाठवू नका, मी ती काढून टाकली आहेत. बिचाऱ्याला वाटले, साहेबांचा आपल्यावर विश्वासच उरला नाही. प्रत्यक्षात आजाराचे नाव विचारण्याचा अधिकार इथे वरिष्ठांना सहसा नसतोच. पूर्वी प्रमाणपत्राची जी प्रत कंपनीला द्यावी लागे तिच्यावर निदान लिहिलेले नसे. 1 जानेवारी 2023 पासून, सार्वजनिक आरोग्य विमा असलेल्यांच्या बाबतीत, कंपनी ही माहिती विमा संस्थेकडून परस्पर मागवते आणि तीतही निदान नसते. आपण कामाची वेळ सुरू होण्यापूर्वी कळवावे, किती दिवस येणार नाही याचा अंदाज द्यावा, आणि आजार तीन दिवसांहून लांबला तर डॉक्टरांचे प्रमाणपत्र घ्यावे. काही कंपन्या ते पहिल्याच दिवशी मागतात, म्हणून करार नीट वाचून ठेवावा. रजेत आजारी पडलात आणि प्रमाणपत्र घेतले, तर तेवढे दिवस रजेतून वजा होत नाहीत, हे कित्येकांना वर्षानुवर्षे ठाऊक नसते.

वेळेची सीमाही अशीच कायद्याने आखलेली आहे. 1994 च्या कामाच्या वेळेविषयीच्या कायद्यानुसार, काही क्षेत्रांचे अपवाद वगळता, आजचे काम संपल्यापासून उद्याचे सुरू होईपर्यंत सलग 11 तासांची विश्रांती आवश्यक असते. म्हणजे अमेरिकेतल्या लोकांबरोबरची बैठक रात्री दहाला संपली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत कामाला लागता येत नाही. रात्री साडेअकराला वरिष्ठांना ईमेल पाठवून आपली निष्ठा दाखवण्याचा उद्योग इथे अंगाशी येतो, कारण नियम मोडला गेल्यास जाब कंपनीला द्यावा लागतो.

गंमत अशी की पगार विभागाला तुमच्याविषयी पुष्कळ माहिती असते. कर कापण्यासाठी तुमचा करवर्ग लागतो, ज्यावरून तुम्ही विवाहित आहात की नाही याचा बराच अंदाज येतो, आणि चर्चचा कर लागू आहे की नाही हेही कंपनीला कळवले जाते. तरी शेजारच्या टेबलावर बसणारे वरिष्ठ लग्नाचा किंवा धर्माचा विषय स्वतःहून काढत नाहीत. मुलाखतीत स्त्री उमेदवाराला गरोदरपणाविषयी विचारता येत नाही, आणि विचारलेच तर तिने खोटे उत्तर दिले तरी पुढे ते तिच्याविरुद्ध वापरता येत नाही, इतकी ही मर्यादा न्यायालयांनी पक्की केली आहे.

परदेशात सगळीकडे असेच असते असे मात्र समजू नये. जपानमध्ये कामानंतर वरिष्ठांबरोबर पिण्याजेवण्याला बसणे हा नोकरीचाच भाग मानण्याची रीत जुनी आहे. तिथे जून 2020 पासून मोठ्या कंपन्यांना लागू झालेल्या नियमांत वरिष्ठांकडून होणाऱ्या छळाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि खासगी आयुष्यात नाक खुपसणे हा त्यांपैकी एक आहे. जर्मनीत हा संकोच रोजच्या वागण्यातच मुरलेला दिसतो.

याचा अर्थ माणसे कोरडी असतात असा नाही. दुपारी वरिष्ठ आपल्याच टेबलावर जेवतात आणि डोंगरातल्या भटकंतीच्या गप्पा रंगतात. वाढदिवस ज्याचा असेल त्यानेच केक आणायचा असतो. एकेरी हाक मारण्याचा प्रस्ताव बहुधा वरिष्ठांकडून येतो, तोवर आडनावानेच बोलावे. घरी बोलवायचे असेल तर एकट्या साहेबांना न बोलवता दोन-तीन आठवडे आधी साऱ्या गटाला बोलवावे. दिवाळीचा फराळही त्यांच्या केबिनमध्ये नेऊन देऊ नये, कारण वरिष्ठांना भेटवस्तू देण्यावर अनेक कंपन्यांत बंधने असतात. चकल्यांचा डबा कॉफी मशीनशेजारी उघडा ठेवावा आणि त्यात शेंगदाणे किंवा तीळ असतील तर तसे चिठ्ठीवर लिहावे.